फक्त कीबोर्डवर चालणाऱ्या कोड्यांच्या गेमला गेमपॅड कसा जोडावा? (विंडोज १०)

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी. विश्रामबागेतल्या आमच्या गणेश मंडळात मुलांसाठी कोड्यांची स्पर्धा ठेवायची आहे. मांडवात ३२ इंची टीव्ही असेल आणि मागे विंडोज १० चा डेस्कटॉप. गेम दोन आहेत.

पहिला पझलस्क्रिप्टमध्ये (ब्राउझरवरचे कोड्यांचे गेम बनवायचं साधन) बनवलेला. एकच एचटीएमएल फाइल आहे, ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालते. पेट्या ढकलून खुणेच्या घरात न्यायच्या. ॲरो कीने चालायचं, एक्सने क्रिया, झेडने चाल मागे, आर दाबला की पातळी पहिल्यापासून. दुसरा त्याच जातीचा, पण जुना विंडोजवरचा. त्यात चाल मागे घ्यायला यू आहे. कंट्रोलरची सोय दोन्हींत नाही.

कीबोर्ड मुलांच्या हातात द्यायचा नाही. एकदा विंडोजची कळ दाबली गेली की टीव्हीवर सगळा स्टार्ट मेनू. म्हणून साधा वायरचा यूएसबी पॅड आणलाय, मधे ॲनालॉग असं लिहिलेलं बटण आणि लाल दिवा असलेला. अडचणी अशा:

पॅड विंडोजला दिसतो. रन मध्ये जॉय डॉट सीपीएल टाइप केलं की जी खिडकी येते त्यात सगळी बटणं लागतात. गेम मात्र ढिम्म.

जॉयटूकी (पॅडच्या बटणांना कीबोर्डच्या कळा जोडणारा प्रोग्राम) टाकून ॲरो जोडले. आता पॅडची काठी (अंगठ्याने फिरवायची) एकदा ढकलली की माणूस कधी एक घर जातो, कधी दोन. मधेच वर आणि उजवीकडे अशा दोन चाली एकदम होतात आणि पेटी कोपऱ्यात बसते.

दुसऱ्या गेममध्ये पॅडवरून ॲरो चालतात, पण यू चालत नाही. जोडणी तीनदा तपासली.

आणि आर हे बटण पॅडवर द्यावं की नाही? मुलं काहीही दाबतात. वीस चाली झाल्यावर पातळी पुन्हा पहिल्यापासून आली तर रडारड होणार.

---

अजिंक्यतारा७ (सातारा)

गेम ढिम्म का, ते आधी. पॅड आणि कीबोर्ड ही विंडोजच्या लेखी दोन वेगळी उपकरणं. गेमने पॅडची विचारणाच केली नसेल तर पॅडवर काय दाबलं ते त्याच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून मधे असा प्रोग्राम लागतो जो पॅडचं बटण बघून कीबोर्डची कळ दाबल्याचा संदेश विंडोजला देतो. जॉयटूकी तेच करतं, त्यात काही चूक नाही. पण तुमच्या कामासाठी मी ॲंटीमायक्रोएक्स सुचवेन. फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर चालतं, आणि घरं असलेल्या गेमसाठी लागणारी एक सोय त्यात आयती आहे. ती खाली सांगतो.

तिरक्या चालीचं कारण काठी आहे. काठी गोल फिरते आणि गेमला चारच दिशा कळतात. अंगठा थोडा तिरका गेला की वर आणि उजवीकडे या दोन्ही कळा दाबल्या जातात, आणि गेम त्या दोन चाली म्हणून घेतो. गाड्यांच्या गेममध्ये हे कुणाच्या लक्षातही येत नाही, पण पेट्या ढकलण्याच्या खेळात एका जादा चालीने डाव बसतो. त्यामुळे शक्यतो काठी वापरूच नका, डावीकडची फुलीच्या आकाराची दिशाबटणं वापरा. ॲंटीमायक्रोएक्समध्ये पॅडच्या नावाचा टॅब उघडा, डीपॅडवर (म्हणजे याच दिशाबटणांवर) क्लिक करा, प्रीसेटमधून ॲरो निवडा आणि मोड फोर वे कार्डिनल करा. या मोडमध्ये तिरकी दिशा म्हणून दोन कळा एकदम जात नाहीत, एकच सरळ दिशा धरली जाते.

काठीही चालू ठेवायची असेल (मुलांचा अंगठा आपोआप तिथेच जातो) तर तिलाही हाच मोड द्या आणि डेड झोन (मध्याभोवतीचा, काठी हलली तरी दुर्लक्ष होणारा भाग) वाढवा. काठीचं माप मध्यापासून टोकापर्यंत ० ते ३२७६७ असं असतं. डेड झोन १८००० च्या आसपास ठेवला की काठी निम्म्याच्या पुढे ढकलल्याशिवाय काही होत नाही. स्वस्त पॅडची काठी सोडल्यावर नेमकी मध्यावर येत नाही, आकडा थोडा इकडेतिकडे राहतो. डेड झोन लहान असेल तर माणूस आपोआप चालायला लागतो. जॉय डॉट सीपीएलच्या खिडकीत काठी सोडल्यावर अधिकचं चिन्ह मध्यावर थरथरतंय का ते बघून घ्या.

आता तुमच्या यू चं कोडं. ॲरो चालतात आणि अक्षराची कळ चालत नाही, म्हणजे जोडणी बरोबर आहे. बहुतेक कीबोर्डची भाषा मराठी राहिलेली आहे. मंडळाच्या त्याच कॉम्प्युटरवर पावत्या, पत्रकं टाइप होत असणार. इनस्क्रिप्ट (मराठी टायपिंगची कळांची मांडणी) चालू असताना यू ची कळ दाबली की ह उमटतो, आर ला दीर्घ वेलांटी आणि एक्स ला अनुस्वार. काही गेम कोणती कळ दाबली ते बघतात, तिथे फरक पडत नाही. पझलस्क्रिप्ट त्यातलं, म्हणून तुमचा पहिला गेम नीट चालला. काही जुने गेम मात्र कोणतं अक्षर आलं ते बघतात. त्यांना यू च्या जागी ह मिळतो आणि ते गप्प बसतात. ॲरोला अक्षर नसतं, म्हणून ते दोन्हीकडे चालतात. विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबून इंग्रजी करा, मग बघा. स्पर्धेच्या दिवसांत मराठी कीबोर्ड यादीतूनच काढून ठेवला तर उत्तम, नाहीतर कुणीतरी मधेच सूचना टाइप करायला बसेल आणि पुन्हा तेच.

भाषा बदलूनही चाललं नाही तर तो गेम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालतोय का ते पाहा. कमी अधिकाराच्या प्रोग्रामने जास्त अधिकाराच्या खिडकीला पाठवलेली कळ विंडोज अडवतं, आणि कुठलीही सूचना दाखवत नाही. पण मग ॲरोसुद्धा चालले नसते, तेव्हा तुमच्याकडे हे कारण नसावं. दुसरं कुणी हे वाचत असेल तर उपयोगी पडेल. उपाय: दोन्ही प्रोग्राम एकाच पातळीवर चालवायचे.

आर पॅडवर द्या, पण धरून ठेवल्यावरच लागेल असा द्या. सिलेक्ट बटणावर क्लिक करून ॲडव्हान्स्डमध्ये जा. तिथे एकाखाली एक कप्पे असतात. पहिला कप्पा होल्ड, वेळ १ सेकंद. दुसऱ्या कप्प्यात आर. होल्डच्या पुढचे कप्पे तेवढा वेळ बटण धरल्याशिवाय चालतच नाहीत. घाईत लागलेल्या बोटाने पातळी जाणार नाही, आणि खरंच अडकलेला मुलगा एक सेकंद आरामात धरेल. झेड मात्र सगळ्यात सोप्या जागी हवा: उजवीकडच्या चारपैकी एका बटणावर, आणि शिवाय डाव्या खांद्याच्या बटणावरही. या खेळात मूल चालीइतकंच चाल मागे घेतं. एस्केप कुठेच जोडू नका, पझलस्क्रिप्टमध्ये त्याने मेनू येतो.

शिफ्टही कुठे जोडू नका. पाच वेळा शिफ्ट दाबला की विंडोज स्टिकी कीजची खिडकी समोर आणतं, आणि मग पुढच्या सगळ्या कळा त्या खिडकीला जातात.

---

आयर्विन_पूल (सांगली)

अजिंक्यतारांनी तिरक्या चालीचं नीट सांगितलंय. दोन घरं जाण्याचं कारण वेगळं आहे, आणि ते काठी सोडून दिशाबटणं घेतली तरी जाणार नाही.

कळ दाबून धरली तर चाल पुन्हा करायची ही सोय पझलस्क्रिप्टमध्ये आतच आहे. मुद्दाम काही लिहिलं नसेल तर दर ०.१५ सेकंदाला पुढची चाल. कीबोर्डवर आपण कळ टिचकी मारल्यासारखी दाबतो, म्हणून जाणवत नाही. पॅडचं रबरी बटण खोल दाबावं लागतं, लहान मुलाचं बोट त्यावर पाव सेकंद सहज राहतं. तेवढ्यात दुसरं घर.

तीन मार्ग आहेत. सगळ्यात चांगला गेममध्येच बदल करण्याचा. गेमची फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर मूळ मजकूर आतच दिसतो. गेम बनवणाऱ्याची हरकत नसेल तर तो मजकूर पझलस्क्रिप्टच्या एडिटरमध्ये घ्या. सुरुवातीला शीर्षकाच्या ओळीजवळ की रिपीट इंटरव्हल ही ओळ घाला (तिन्ही शब्द अंडरस्कोरने जोडलेले) आणि पुढे सेकंदांत आकडा, मग एक्सपोर्ट करून नवी फाइल घ्या. आकडा किती? ०.५ दिला तर दोन घरांचा प्रश्न संपला, पण झेड धरून ठेवून दहा चाली मागे जायला पाच सेकंद लागतील, कारण मागे घेण्यालाही हाच वेग लागतो. ०.३ वर दोन्ही निभावतं. त्याच जागी नोरिस्टार्ट हा एक शब्द लिहिला की आर बंद होतो. मी तो लिहू नका म्हणेन, होल्डची युक्ती जास्त चांगली आहे.

दुसरा मार्ग ऑटोहॉटकी, म्हणजे कळा पाठवणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट लिहायचा प्रोग्राम. मूळ गेमला हात न लावता एक दाब म्हणजे एकच चाल हवी असेल तर हा. दर २० मिलिसेकंदांनी दिशाबटणाचं वाचन घ्यायचं. ऑटोहॉटकीत ते अंशांच्या शंभरपटीत येतं: वर ०, उजवीकडे ९०००, खाली १८०००, डावीकडे २७०००, आणि काहीच दाबलं नसेल तर उणे १. मागचं वाचन लक्षात ठेवायचं. नवं वाचन मागच्यापेक्षा वेगळं असेल आणि या चारपैकी एक असेल तरच ती ॲरो एकदा पाठवायची. ४५०० वगैरे तिरके आकडे आले तर सोडून द्यायचे. धरून ठेवलं तर वाचन बदलतच नाही, म्हणून दुसरी चाल होत नाही.

इथे एक खाचखळगा आहे. ऑटोहॉटकी कळ दाबून लगेच सोडतं, इतकी लगेच की प्रत्येक फ्रेमला कीबोर्ड तपासणाऱ्या गेमला ती दिसतच नाही. सेकंदाला ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम साधारण १७ मिलिसेकंदांची असते. म्हणून सेटकीडिले मध्ये दाबून ठेवण्याची वेळ ५० द्या, म्हणजे तीन फ्रेम. आवृत्ती २ वापरत असाल तर त्यात साधा सेंड ही सेटिंग मानत नाही, सेंडइव्हेंट लिहावं लागतं. पझलस्क्रिप्ट कळ दाबल्याच्या घटनेवर चालतं, त्याला याची गरज नाही. तुमच्या दुसऱ्या गेमला लागू शकते.

तिसरा मार्ग ब्राउझरच्या गेमपुरता. पान स्वतःच पॅड वाचू शकतं. त्या एचटीएमएल फाइलच्या शेवटी छोटी जावास्क्रिप्ट घालायची, ती गेमपॅडची बटणं बघून कळ दाबल्याची घटना तयार करते. ब्राउझरने पॅड ओळखीच्या मांडणीत बसवला असेल तर १२ म्हणजे वर, १३ खाली, १४ डावीकडे, १५ उजवीकडे. पझलस्क्रिप्ट कळेचा जुना क्रमांक वाचतं: डावी ३७, वर ३८, उजवी ३९, खाली ४०, झेड ९०. जावास्क्रिप्टने बनवलेल्या घटनेत हा क्रमांक आपण होऊन भरला जात नाही, शून्य राहतो. तो वेगळा घालावा लागतो, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. शिवाय पॅडचं एखादं बटण एकदा दाबेपर्यंत पानाला पॅड दिसतच नाही, हे गृहीत धरा. साधा स्वस्त पॅड ओळखीच्या मांडणीत बसला नाही तर क्रमांक वेगळे येतात, म्हणून तुमच्यासाठी पहिला मार्गच बरा.

आणि हो, त्या कॉम्प्युटरवर स्टीम (गेम घेऊन चालवायचा प्रोग्राम) असेल तर पूर्ण बंद करा. स्टीम मागे चालू असताना पॅडला स्वतःहून माउस आणि कळा जोडू शकतं. मग एका दाबाला दोघांकडून कळ जाते आणि तुम्ही इकडे डेड झोन वाढवत बसता.

---

कृष्णाकाठ (सांगली)

दोघांचेही मनापासून आभार. यू चं कारण भाषाच होती! इंग्रजी केल्यावर लगेच चाललं. की रिपीट ०.३ केला, दिशाबटणं फोर वे केली, आता एक दाब एक घर.

नवीन अडचण. मधेच दिशाबटणं पूर्ण बंद पडतात, बाकीची बटणं चालू राहतात. पॅड काढून पुन्हा लावला की ठीक होतं. पॅड खराब निघाला का? आणि टीव्हीपासून मुलं उभी राहतील ते अंतर बारा फूट आहे, पॅडची वायर जेमतेम पाच फूट.

---

अजिंक्यतारा७ (सातारा)

पॅड खराब नाही. दिशाबटणं बंद पडली तेव्हा लाल दिवा चालू होता की बंद, ते बघा. कुणीतरी मधलं ॲनालॉग बटण दाबलेलं असणार.

या जातीच्या पॅडमध्ये त्या बटणाने दिशाबटणांची ओळखच बदलते. दिवा चालू असताना ती विंडोजला वेगळी दिशाबटणं म्हणून दिसतात आणि काठी वेगळी. दिवा बंद केला की तीच दिशाबटणं काठीच्या जागी जातात, म्हणजे एक्स आणि वाय अक्षावर. तुम्ही ॲरो फक्त दिशाबटणांना जोडले असतील तर दिवा बंद होताच ते मेले. पॅड काढून लावला की तो आपल्या मूळ स्थितीत येतो, म्हणून ठीक झाल्यासारखं वाटतं. उपाय सोपा: डाव्या काठीलाही तेच ॲरो, तोच फोर वे मोड जोडून ठेवा. दिवा कसाही असो, चालेल. ऑटोहॉटकीने करणाऱ्याने एक्स आणि वाय चे आकडेही बघावेत, तिथे ते ० ते १०० असतात आणि मध्य ५०. २० च्या खाली गेला की डावीकडे, ८० च्या वर गेला की उजवीकडे, आणि ३५ ते ६५ मध्ये परत येईपर्यंत पुढची चाल द्यायची नाही.

वायरचं: साधी यूएसबी एक्स्टेंशन घ्या, पण पॅडची वायर धरून एकूण लांबी ५ मीटरच्या आत ठेवा. बारा फूट म्हणजे साधारण पावणेचार मीटर, तेव्हा बसतं. जोड जमिनीवर लोंबता ठेवू नका. मुलाने पॅड ओढला की तो सुटतो, आणि पॅड नसताना स्पर्धा थांबते. जोडाजवळ दोन्ही वायरींची एक सैल गाठ मारून वर चिकटपट्टी लावली की ओढ गाठीवर येते. पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वापरात नसलेलं उपकरण झोपवणारी सोय) बंद करा.

लाइट जाऊन जनरेटरवर येईपर्यंत कॉम्प्युटर बंद पडणारच, त्याचीही तयारी हवी. ॲंटीमायक्रोएक्सचा शॉर्टकट स्टार्टअप फोल्डरमध्ये ठेवा आणि त्याच्या टार्गेटमध्ये शेवटी प्रोफाइल हा पर्याय लिहून पुढे तुमच्या सेव्ह केलेल्या फाइलचा पत्ता द्या. गेमच्या फाइलचा शॉर्टकटही तिथेच. चालू झाल्यावर माउसने गेमच्या चित्रावर एकदा क्लिक करायचं, कारण कळा समोर जी खिडकी निवडलेली आहे तिलाच जातात. विंडोजच्या सूचना त्या पाच-सहा दिवसांसाठी बंद ठेवा.

---

मिरजेची_सतार (मिरज)

पॅडचं तुम्ही जमवलंच आहे. पण मांडवात शंभरेक मुलांचे हात लागणार असतील तर पॅडऐवजी मोठ्या बटणांची पेटी करा असं माझं स्पष्ट मत आहे. पाच वर्षांच्या मुलाला दहा बटणांचा पॅड कळत नाही. चार दिशांना चार मोठी बटणं आणि बाजूला पिवळं "मागे" हे न सांगता कळतं. आणि मधला प्रोग्राम लागतच नाही.

सामान: प्रो मायक्रो बोर्ड एक (प्रोग्राम चढवता येणारं छोटं सर्किट, ५ व्होल्टचं), ३० मिमीची आर्केड बटणं सहा, वायर, एमडीएफची पेटी. बोर्ड निवडताना चूक होते ती इथे: त्यावर एटीमेगा ३२यू४ चिप हवी, म्हणजे लिओनार्डो किंवा प्रो मायक्रो. हीच चिप स्वतः यूएसबी कीबोर्ड होऊ शकते. उनो बोर्ड स्वस्त दिसतो पण तो तसाच्या तसा कीबोर्ड होत नाही. दुसरी चूक, झिरो डिले नावाचं बटणांचं तयार बोर्ड घेण्याची. ते विंडोजला पॅड म्हणून दिसतं, कीबोर्ड म्हणून नाही. म्हणजे फिरून परत ॲंटीमायक्रोएक्स.

जोडणी: प्रत्येक बटणाला दोन पाती. सगळ्यांची एक पाती एकाच वायरने माळेसारखी जोडत बोर्डच्या जीएनडी (ग्राउंड) पिनेला. दुसरी पाती २ ते ७ या पिनांना, एकेक. बोर्डच्या आतला पुल-अप (बटण दाबलेलं नसताना पिन हाय ठेवणारा रेझिस्टर) चालू करायचा, मग बाहेरून रेझिस्टर लागत नाही. बटण दाबलं की पिन लो वाचते.

प्रोग्राममध्ये दोन गोष्टी विसरू नका. बटणाची पाती टेकताना काही मिलिसेकंद थरथरते, आणि बोर्ड इतका वेगवान असतो की तो एकाच दाबाचे तीन मोजतो. म्हणून बदल दिसल्यावर २० मिलिसेकंद थांबून पुन्हा वाचायचं, तेव्हाही दाबलेलं असेल तरच खरं. आणि कळ दाबून ५० मिलिसेकंदांनी आपणच सोडायची, बोट उचलायची वाट बघायची नाही. मग गेममध्ये की रिपीट काहीही असो, एक दाब एक घर. मागे घेण्याच्या बटणाला मात्र हा नियम लावू नका, ते धरलं तर कळ धरलेलीच राहू द्या.

एक पिन, समजा ८, स्विचमधून जीएनडीला न्या आणि प्रोग्राम असा लिहा की तो स्विच चालू असेल तरच कळा जातील. प्रोग्राममध्ये चूक राहिली तर बोर्ड न थांबता कळा टाइप करत सुटतो, नवा प्रोग्राम चढवणंही कठीण होतं. स्विच बंद केला की शांत.

पेटीच्या वरच्या फळीला नटवाली बटणं घ्या. नुसती दाबून बसणारी जाड फळीत धरत नाहीत. भोक पाडायच्या आधी बटणाच्या आट्यांचा व्यास मोजा, ३० मिमी म्हणून विकलेलं प्रत्येक बटण तेवढंच भरतं असं नाही. प्रो मायक्रोचं यूएसबी सॉकेट फार नाजूक असतं, वायर ओढली की पट्ट्यांसकट उखडतं. वायर पेटीच्या आत केबल टायने आवळून मगच बोर्डाला लावा, सॉकेटवर गरम गोंदही चालेल. सहावं बटण म्हणजे आर, ते पेटीच्या मागच्या बाजूला, कार्यकर्त्याच्या हाताशी.

---

कृष्णाकाठ (सांगली)

दिवा बंदच होता, बरोबर ओळखलंत. काठीला ॲरो जोडले, आता दिवा कसाही असला तरी चालतंय. पेटी करायचीच असं मंडळात ठरलंय, पॅड जोडीला राहील. दोन्ही एकदम लावून ठेवले तर गोंधळ होईल का?

---

मिरजेची_सतार (मिरज)

नाही. पेटी म्हणजे विंडोजच्या लेखी दुसरा कीबोर्ड, आणि कितीही कीबोर्ड लावले तरी चालतात. फक्त भाषेचं बंधन पेटीलाही आहे, कारण यू पाठवणारी पेटी असली तरी त्याचा ह विंडोजच करतं. तेव्हा इंग्रजी राहू द्या.